धक्का, ठिणगी आणि पेट्रोल : मोठ्या मॉडेल विमानाची जुळणी

पावसाळा सरत आला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांतून ग्रास कटरची घरघर ऐकू येऊ लागते. खांद्याला अडकवलेल्या त्या यंत्रात एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन असते. त्यात पेट्रोल आणि टू-टी ऑइलचे मिश्रण जळते. कार्ब्युरेटर असा असतो की यंत्र आडवे-तिरपे केले तरी इंजिन बंद पडत नाही. ही सोय गवत कापणाऱ्यासाठी केलेली आहे. पण नेमके असेच हलके आणि कोणत्याही अंगावर चालणारे इंजिन आणखी काही मंडळींना हवे होते. ती म्हणजे दोन मीटरहून मोठी, रेडिओने उडवायची मॉडेल विमाने बांधणारी हौशी मंडळी. १९७० च्या दशकात अमेरिका आणि युरोपात अनेकांनी करवतीची आणि गवत कापण्याची इंजिने सोडवून घेऊन विमानांच्या नाकावर बसवली. आज खास विमानांसाठी घडवलेली इंजिने मिळतात, तरी त्यांची कुळी तीच आहे.

हे इंजिन विमानाला भरपूर ताकद देते आणि त्या ताकदीबरोबर तीन उपद्रवही त्याच्या गळ्यात बांधते: धक्का, ठिणगी आणि पेट्रोल. मोठ्या विमानाची जुळणी करताना जे जे करावे लागते, ते जवळजवळ सगळे या तिघांच्या बंदोबस्तासाठी असते. हे एकदा लक्षात आले की सूचनापुस्तिकेतली लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही. प्रत्येक कामामागचे कारण आपोआप समजत जाते.

मोठे म्हणजे किती?

मोठ्या मॉडेल विमानांसाठी असलेल्या ‘इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशन’ या संघटनेची व्याख्या या छंदात सर्वमान्य आहे. पंखांची एकच जोडी असेल तर टोकापासून टोकापर्यंत किमान ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर. दोन जोड्या असतील तर ६० इंच. किंवा खऱ्या विमानाच्या एक चतुर्थांश मापाची प्रतिकृती. खऱ्या पायपर कब विमानाचे पंख पावणेअकरा मीटरच्या आसपास असतात, म्हणजे त्याची चतुर्थांश प्रतिकृतीही पावणेतीन मीटरच्या जवळ जाते. असे विमान गाडीत ठेवायचे तर पंख सुटे व्हावेच लागतात.

आपण उदाहरणासाठी एक चांगला रुळलेला आकार घेऊ: कसरती करणारे, पंख सुमारे २.२ मीटर, वजन सात ते आठ किलो आणि नाकावर डीए-५० किंवा डीएलई-५५ यांच्या जातीचे ५० ते ५५ सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन. या इंजिनाची ताकद पाच अश्वशक्तीच्या आसपास असते. असे विमान बहुधा ‘एआरएफ’, म्हणजे जवळजवळ तयार, स्वरूपात येते. बाल्सा आणि प्लायवूडचा सांगाडा तयार असतो, त्यावर रंगीत फिल्म चढवलेली असते, पंख कार्बन किंवा ॲल्युमिनियमच्या जाड नळीवर सरकवून बसवायचे असतात. इंजिन, सर्व्हो (नियंत्रण पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर, बॅटऱ्या, इग्निशनचा स्विच, प्रोपेलर आणि बहुतेक वेळा इंधनाच्या नळ्याही खोक्यात नसतात. हे सगळे निवडणे आणि बसवणे हेच खरे काम.

इतका खटाटोप करून मोठेच विमान का? कारण विमान लहान करता येते, हवा लहान करता येत नाही. ताशी १५ किलोमीटरचा वारा दीड किलोच्या विमानाला कागदासारखा हलवतो. सात किलोचे विमान त्यातून आपली रेघ धरून जाते. मोठ्या पंखावरून हवाही अधिक सुरळीत वाहते, त्यामुळे त्याची चाल खऱ्या विमानाच्या जवळ जाते.

मात्र आकारासोबत हिशेबही बदलतो. लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर पंखाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण घनफळ आठपट. सगळे भरीव ठेवून नुसते मोठे केले तर पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार येईल आणि विमानाला हवेत टिकायला सुमारे १.४ पट वेग लागेल. म्हणून मोठ्या विमानाचा सांगाडा पोकळ आणि जाळीदार असतो, आणि जुळणी करणारा माणूस प्रत्येक ग्रॅमशी घासाघीस करतो. वेगाचा हिशेब आणखी कडक आहे. साडेसात किलोचे विमान ताशी १०० किलोमीटरने चालले असेल, तर त्यात साधारण २,९०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. दीड किलोच्या विमानात ताशी ६० किलोमीटरला ती जेमतेम २०० ज्यूल असते. मोठ्या विमानाची ऊर्जा म्हणजे साडेसात किलोची वस्तू तेराव्या मजल्यावरून टाकावी तसा प्रकार आहे. लहान विमानात खपून जाणारा निष्काळजीपणा इथे खपत नाही, तो याच आकड्यामुळे.

पेट्रोल गेले आणि परत आले

मॉडेल विमानांत पेट्रोल नवे नाही. १९३० च्या दशकात बिल ब्राऊन या अमेरिकी तरुणाने घडवलेले ‘ब्राऊन ज्युनिअर’ हे छोटे इंजिन पेट्रोलवर आणि स्पार्क प्लगवरच चालत असे. रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांच्या स्पर्धांत मॅक्सवेल बॅसेटने १९३३ मध्ये त्याच्या जोरावर बाजी मारली. पुढे १९३७ मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी ‘गफ’ नावाचे विमान रेडिओने उडवले. रेडिओने उडणाऱ्या मॉडेलांच्या इतिहासातला तो मैलाचा दगड आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. त्याचे पंख आठ फुटांचे होते. म्हणजे आजच्या व्याख्येनेही ते ‘मोठे’च ठरले असते. आकार हौसेखातर नव्हता. त्या काळची रेडिओयंत्रणा आणि बॅटऱ्या उचलायच्या तर लहान विमान पुरणारे नव्हते.

मग १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला. प्लॅटिनमची तार एकदा बॅटरीने तापवली की पुढे मेथॅनॉलच्या संपर्काने ती स्वतःच लाल राहते. कॉइल, काँटॅक्ट पॉइंट आणि इग्निशनच्या बॅटरीचे ओझे एकदम संपले. पुढची काही दशके मॉडेल विमान म्हणजे ग्लो इंजिन असेच समीकरण राहिले. पण मेथॅनॉलमध्ये किलोमागे पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा असते. त्यामुळे ते भरपूर लागते आणि मोठ्या इंजिनाचा खर्च परवडेनासा होतो. शिवाय ग्लोच्या इंधनात तेलाचे प्रमाण मोठे असते आणि उड्डाणानंतर सगळे विमान तेलकट होते. म्हणून आकार वाढला तसे पेट्रोल परतले, आणि त्याच्याबरोबर ठिणगीही.

पेट्रोलसारख्या इंधनात किती दम असतो, ते मेनार्ड हिल यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. बाल्सा लाकडाचे, उड्डाणाच्या वेळी इंधनासह पाच किलोंच्या आत वजन असलेले त्यांचे ‘टॅम-५’ हे विमान कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून निघून अटलांटिक ओलांडून आयर्लंडला उतरले: सुमारे ३,०३० किलोमीटर, ३८ तास ५२ मिनिटांत. इंजिन अवघे १० सीसीचे होते आणि इंधन कंदील-स्टोव्हसाठी मिळणारे, पेट्रोलच्या जवळचे. तेव्हा हिल यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

धक्क्याचा बंदोबस्त

टू-स्ट्रोक इंजिनात शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो. मिनिटाला ७,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे ११७ धक्के. समोरासमोर दोन सिलिंडर असलेल्या १०० सीसी इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत येतात, त्यामुळे त्यांचे धक्के बरेचसे एकमेकांना मारतात. एका सिलिंडरच्या इंजिनाला ही सोय नाही. त्याचा सगळा हादरा सांगाड्यात उतरतो, आणि जिथे कच्चा सांधा असेल तो शोधून काढतो.

पहिला सांधा म्हणजे फायरवॉल. इंजिन ज्या जाड प्लायवूडच्या भिंतीवर बसते ती चारी कडांनी तपासून, शंका असेल तिथे आतून इपॉक्सी आणि लाकडी तिकोन्या देऊन मजबूत करतात. ही भिंत नीट पाहिली तर ती दोन-तीन अंश उजवीकडे कललेली दिसते. फिरणाऱ्या प्रोपेलरमुळे नाक डावीकडे ओढले जाते. तो ओढा भरून काढण्यासाठी इंजिनाचे तोंडच थोडे उजवीकडे ठेवतात. त्यामुळे इंजिन मध्यरेषेवर बसवले तर पुढचा स्पिनर, म्हणजे प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी, काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, तोंडातून बाजूला सरकलेला दिसेल. म्हणून भिंतीवर दोन मध्यरेषा आखलेल्या असतात: एक विमानाची, दुसरी तिच्या जराशी डावीकडे, इंजिनाची. कागदी साचा दुसऱ्या रेषेवर चिकटवूनच भोके पाडायची.

इंजिन आणि भिंत यांच्यात ॲल्युमिनियमच्या दांड्या किंवा ठोकळे येतात. त्यांची लांबी अशी निवडायची की स्पिनरची मागची तबकडी काउलपासून तीन-चार मिलिमीटर पुढे राहील. बोल्टच्या मागे मोठे वॉशर घालायचे, नाहीतर बोल्टचे डोके लाकडात रुतत जाते आणि ताण सैल पडतो. धातूत धातूचा बोल्ट बसतो अशा प्रत्येक ठिकाणी थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट सैल पडू न देणाऱ्या द्रवाचा, थेंब हवा. मफलरचे बोल्ट मात्र एवढे तापतात की साधे थ्रेडलॉकर तिथे टिकत नाही. तिथे लॉक वॉशर किंवा बोल्टच्या डोक्यांतून ओवलेली तार कामी येते.

प्रोपेलर या आकाराला साधारण ‘२२ बाय ८’ किंवा ‘२३ बाय ८’ लागतो. पहिला आकडा व्यासाचा इंचांत, दुसरा एका फेरीत हवेतून किती इंच पुढे सरकेल त्याचा. २२ इंचांचा प्रोपेलर ७,००० फेऱ्यांना फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ७४० किलोमीटर होतो. एवढ्या वेगात दोन पात्यांच्या वजनात थोडासा फरक असला तरी तो आणखी एक हादरा बनतो, म्हणून प्रोपेलर आधी तोलून घेतात. मधली भोके हाताच्या अंदाजाने पाडायची नाहीत. इंजिनाच्या हबशी जुळणारा जिग मिळतो, तो लावूनच ड्रिल करायचे. लाकडी प्रोपेलरचे बोल्ट पहिल्या चालवणीनंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण लाकूड दाबले जाते. पाते चिरलेले दिसले की प्रोपेलर टाकून द्यायचा, त्याला डागडुजी नसते.

हवेचा मार्गही याच भागात ठरतो. काउलच्या तोंडातून आलेली हवा सिलिंडरच्या पाकळ्यांवरून जाईल असा आडोसा आत लावतात, आणि बाहेर जाण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा दोन-तीनपट मोठी ठेवतात. तापलेली हवा फुगते. तिला बाहेर पडायला जागा नसेल तर नवी हवा आत येतच नाही. वरून काउल कितीही छान दिसत असली तरी खालून कापावीच लागते.

पेट्रोलचा बंदोबस्त

ग्लो इंजिनाच्या सवयीने येणाऱ्यांची इथे पंचाईत होते. ग्लोसाठी वापरायच्या सिलिकॉनच्या नळ्या पेट्रोलमध्ये फुगतात आणि मऊ पडतात. टाकीचे रबरी बूचही पेट्रोल सोसणारेच हवे. नळ्या पेट्रोलच्या जातीच्या घ्यायच्या, धातूच्या नळीच्या तोंडाला उंचवटा ठेवायचा आणि वरून बारीक टाय आवळायचा. पेट्रोल सैल सांध्यातून फार चलाखीने वाट काढते, आणि विमानाच्या पोटात बॅटऱ्या असतात.

टाकीला तीन वाटा असतात. एक इंजिनाकडे, एक हवा आत येण्यासाठी, तिसरी भरण्यासाठी. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतल्या टोकाला एक छोटे वजन बसवलेले असते. विमान उलटे झाले की हे वजनही टाकीच्या वरच्या बाजूला, म्हणजे पेट्रोल जिथे गेले तिथेच, पडते. म्हणून ही आतली नळी लवचिक हवी आणि वर्षा-दीड वर्षाने बदलायला हवी. हवेच्या नळीला विमानाखाली उतरवण्याआधी एक वळसा देतात, म्हणजे विमान नाकावर उभे केले तरी टाकी रिकामी होत नाही.

ग्रास कटरकडून आलेला वारसा या ठिकाणी उपयोगी पडतो. कार्ब्युरेटरमध्ये पातळ पडदा असतो. क्रँककेसमधला दाब प्रत्येक फेरीला वर-खाली होतो आणि त्या स्पंदनाने हा पडदा पंपासारखा चालतो. इंजिन स्वतःच इंधन ओढून घेते, म्हणून टाकी इंजिनाला चिकटून असण्याची गरज उरत नाही. ती थेट पंखाच्या नळीजवळ, विमानाच्या तोलाच्या बिंदूवर ठेवता येते. भरलेली टाकी आणि रिकामी टाकी यांत विमानाचा तोल मग जवळजवळ सारखाच राहतो.

तेलाचे प्रमाण निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवायचे. ४० ला १ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २५ मिलिलिटर, ३० ला १ म्हणजे ३३ मिलिलिटर. पहिले काही लिटर इंजिन रुळेपर्यंत तेल थोडे जास्त ठेवतात. भारतात आता एक वेगळी काळजी घ्यावी लागते. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल ओढते, शिवाय त्यात ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच इंधनाचे मिश्रण थोडे पातळ होते. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. त्यामुळे कार्ब्युरेटरची इंधन जुळवणारी सुई किंचित जास्त उघडी ठेवायची, मिश्रण साठवून ठेवायचे नाही, आणि घरी निघताना टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधले उरलेले इंजिन चालवून जाळून टाकायचे. नाहीतर महिनाभराने पडदा कडक होतो आणि इंजिन खोकायला लागते.

ठिणगीचा बंदोबस्त

स्पार्क प्लगला ठिणगी देणारे मॉड्यूल कपॅसिटरमध्ये वीज साठवून एका झटक्यात सोडते. केव्हा सोडायची ते प्रोपेलरच्या हबमध्ये बसवलेला छोटा मॅग्नेट सांगतो: तो सेन्सरसमोरून जातो तेव्हा मॉड्यूलला शाफ्टची जागा कळते. इंजिन हळू फिरत असेल तर ठिणगी उशिरा, वेगात असेल तर आधी, ही जुळवाजुळव मॉड्यूल स्वतः करते. म्हणूनच आजचे इंजिन हाताने फिरवून चालू करता येते आणि उलट फटका कमी मारते.

पण प्रत्येक ठिणगी हा एक छोटा रेडिओ प्रक्षेपकही असतो. सेकंदाला शंभरावर वेळा होणारा तो गोंगाट रिसीव्हरच्या कानात गेला तर विमान आपला आदेश ऐकणार नाही. पूर्वीच्या ७२ मेगाहर्ट्झच्या रेडिओंना याचा फार त्रास होई, आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांना तो खूपच कमी होतो. तरीही जुने नियम पाळले जातात, कारण त्यांना खर्च काही नाही. इग्निशनचे मॉड्यूल, त्याची बॅटरी आणि स्विच सगळे नाकाकडे; रिसीव्हर, त्याच्या बॅटऱ्या आणि सर्व्होच्या वायरी मागे; दोघांमध्ये किमान फूटभर अंतर. थ्रॉटलच्या सर्व्होपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी काडी धातूची नसावी, म्हणजे गोंगाटाला चालत यायला पूल मिळत नाही. प्लगच्या जाड वायरीवरचे धातूचे जाळीदार आवरण प्लगच्या टोपीपर्यंत घट्ट बसलेले हवे. आणि टोपी प्लगवरून काढलेली असताना इग्निशन कधीही सुरू करायचे नाही. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती मॉड्यूललाच जाळू शकते.

इग्निशनला दोन स्विच असतात. एक विमानाच्या अंगावर, दुसरा रिसीव्हरच्या चॅनेलवरून चालणारा किल स्विच, ज्यात प्रकाशाच्या साहाय्याने आदेश जातो आणि दोन्ही बाजूंच्या वायरी एकमेकींना भिडतच नाहीत. थ्रॉटलची काडी हवेत निसटली तरी जमिनीवरून इंजिन बंद करता येते, ते या दुसऱ्या स्विचमुळे. रेडिओचा संपर्क तुटला तर काय करायचे हेही आधीच रिसीव्हरला शिकवून ठेवतात: थ्रॉटल खाली, इग्निशन बंद.

सर्व्हो आणि त्यांची शिदोरी

एलेरॉन, एलिव्हेटर, रडर या नियंत्रण पट्ट्या हलवणारे सर्व्हो मोठ्या विमानात ताकदीने निवडावे लागतात. सर्व्होची ताकद किलो-सेंटिमीटरमध्ये मोजतात: २५ किलो-सेंटिमीटरचा सर्व्हो एक सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला २५ किलोचा जोर लावू शकतो, दोन सेंटिमीटरच्या दांड्याला निम्मा. कसरतीच्या ५० सीसी विमानाला धातूच्या गिअरचे आणि २० ते ३० किलो-सेंटिमीटरचे सर्व्हो लागतात. त्यांवर ॲल्युमिनियमचे दांडे आणि दोन्ही टोकांना बॉल लिंक. प्लास्टिकचे दांडे या हादऱ्यात झिजतात.

झीज एवढी का टाळायची? सांध्यात मिलिमीटरभर सैलपणा असला की वेग वाढल्यावर नियंत्रण पट्टी हवेत फडफडू लागते. प्रत्येक फडफड पुढच्या फडफडीला जोर देते आणि दोन-तीन सेकंदांत बिजागरी, दांडा किंवा पंखच तुटू शकतो. यालाच फ्लटर म्हणतात. त्यावर उपाय साधे आहेत: घट्ट सांधे, बिजागरी बसवताना नीट मुरलेला गोंद, पट्टी आणि पंख यांच्यातली फट पारदर्शक टेपने बंद करणे. रडरला अनेकदा दोन्ही बाजूंनी तारा देतात, एक ओढते तेव्हा दुसरी ढिली होते; यात दांड्याचे वजन शेपटीत वाढत नाही.

असे सहा-सात सर्व्हो एकदम जोर लावतात तेव्हा काही क्षण १५-२० अँपियरपर्यंत विद्युतप्रवाह खेचू शकतात. लहान विमानातली एक बारीक बॅटरी आणि तिचा चिमुकला स्विच इथे पुरत नाही. व्होल्टेज खाली घसरले तर रिसीव्हर बंद पडतो. म्हणून दोन स्वतंत्र बॅटऱ्या, दोन स्विच आणि रिसीव्हरला दोन वाटांनी वीज, ही रीत झाली आहे. एक वाट तुटली तरी दुसरीवर विमान खाली आणता येते. ६.६ व्होल्टच्या लिथियम-फेरस बॅटऱ्या यासाठी आवडीने वापरतात, कारण त्या व्होल्टेज रेग्युलेटरशिवाय थेट लावता येतात. सगळ्या वायरींच्या जोडणीवर क्लिप किंवा टेप हवा, आणि लाकडाच्या कडेवर घासणारी वायर रबराच्या आवरणातून न्यायची. पुन्हा तोच धक्का: जी वस्तू घासू शकते ती घासणारच.

तोल, तपासणी आणि पहिली घरघर

वजनदार वस्तू कुठे बसवायच्या हे सगळ्यांत शेवटी ठरवतात, कारण बॅटऱ्या हेच सरकवता येणारे वजन असते. टाकी रिकामी ठेवून, पंख लावून विमान तोलाच्या बिंदूवर उचलायचे. हा बिंदू बहुधा पंखाच्या नळीच्या आसपास असतो. पुस्तिकेत दिलेलाच धरायचा. १०० ग्रॅमची बॅटरी ३० सेंटिमीटर पुढे नेली तर साडेसात किलोच्या विमानाचा तोल चार मिलिमीटर पुढे जातो. म्हणून नाकात शिसे भरण्याआधी बॅटऱ्या हलवून पाहायच्या. तोल मागे गेलेले विमान उडते, पण ताब्यात राहत नाही.

रेडिओची तपासणी दोनदा करतात. ट्रान्समीटरची ताकद मुद्दाम कमी करून पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर चालत जायचे आणि सगळ्या पट्ट्या हलतात का पाहायचे. आधी इंजिन बंद असताना, मग इंजिन चालू असताना. दोन्हीत फरक पडला तर ठिणगीचा बंदोबस्त कुठेतरी अपुरा राहिला आहे.

इंजिन पहिल्यांदा चालू करताना विमान बांधून ठेवावे लागते. या आकाराचा प्रोपेलर विमानाच्या वजनापेक्षा जास्त जोर लावतो. मोकळे सोडले तर ते पुढच्या माणसावर चालून येते. शेपूट दोरीने अडकवायची किंवा मागून एकाने घट्ट धरायची. चोक लावून, इग्निशन सुरू करून, थ्रॉटल जरासा उघडा ठेवून जाड हातमोज्याने प्रोपेलर फिरवायचा. एक ‘फट्’ असा आवाज आला की चोक काढायचा आणि पुन्हा फिरवायचा. इंजिन चालू झाले की सगळ्यांनी प्रोपेलरच्या मागे यायचे. त्याच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही. सुई जुळवायचीही मागूनच. कार्ब्युरेटरला दोन सुया असतात, एक मंद गतीसाठी, दुसरी पूर्ण गतीसाठी, आणि दोन्ही आवाजावरून जुळवतात. थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन अडखळले तर मंद गतीची सुई, आणि पूर्ण गतीला आवाज बारीक होऊन फेऱ्या पडू लागल्या तर दुसरी. पठारावरची मे महिन्याची तापलेली हवा समुद्रकाठच्या थंड हवेपेक्षा विरळ असते, म्हणून एका मैदानावर जुळवलेली सुई दुसरीकडे तशीच चालेल असे धरून चालत नाहीत.

नियमांचा भागही जुळणीतच मोडतो. भारताच्या ड्रोन नियम २०२१ नुसार शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचे २५ किलोंपर्यंतचे रिमोट विमान ‘मॉडेल’ या वर्गात येते आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण आकाश सगळीकडे मोकळे नसते. हिरव्या क्षेत्रात साधारणपणे १२० मीटरपर्यंत उडवता येते; पिवळ्या आणि लाल क्षेत्रांना वेगळी परवानगी लागते. विमान गाडीत चढवण्याआधी त्या जागेचा नकाशा डिजिटल स्काय संकेतस्थळावर पाहून घ्यायचा. महाराष्ट्रातल्या अनेक तरुणांचा बाल्सा लाकडाशी पहिला परिचय एनसीसीच्या हवाई विभागात होतो, जिथे एरोमॉडेलिंग प्रशिक्षणाचाच भाग आहे. तिथली शिस्त या आकाराच्या विमानात फार उपयोगी पडते.

पहिले उड्डाण दहा मिनिटांत संपते. त्यानंतर लगेच दुसरी टाकी भरून पुन्हा उडवायची नसते. काउल उतरवायची, प्रोपेलरचे, इंजिनाचे आणि मफलरचे बोल्ट पान्याने तपासायचे, टाकीच्या सांध्यांवर बोट फिरवून ओल आहे का पाहायचे, बॅटऱ्यांनी किती विद्युतभार वापरला ते चार्जरवर मोजून लिहून ठेवायचे, आणि प्रत्येक बिजागरी दोन बोटांनी हलवून बघायची. धक्का, ठिणगी आणि पेट्रोल यांनी पहिल्या दहा मिनिटांत जे कच्चे शोधून काढले असेल ते याच तपासणीत हाती लागते. अनुभवी मंडळी दुसरे उड्डाण त्याच दिवशी करायचे की नाही, हे याच यादीवरून ठरवतात.